विद्यार्थी कीं मजूर?

मुलगा अमेरिकेंत शिकावयास गेला, हें वाक्य महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत आतां नवलानें उच्चारलें जात नाहीं. नवल ओसरलें, पण काळजी उरली आहे. आणि ती परीक्षेपेक्षां पैशाची अधिक असते. घर तारण ठेवून काढलेलें कर्ज, डॉलरचा चढता भाव, आणि तिकडे खोलीचें भाडें भरतां भरतां मेटाकुटीस आलेला मुलगा, असें तें चित्र असतें. मग तो एखाद्या उपाहारगृहांत रात्रीं भांडीं विसळतो, किंवा पेट्रोलपंपावरील दुकानांत शनिवार-रविवार गल्ल्यावर बसतो. मजुरी रोख मिळते. कागदावर कांहींच येत नाहीं. दोन-तीन वर्षांनीं पदवी हातीं पडते, मनासारखी नोकरी देणारी कंपनी भेटते, नोकरीच्या व्हिसासाठीं अर्ज करण्याची वेळ येते, आणि तेव्हां त्या विसळलेल्या भांड्यांची आठवण होते. परवानगीवांचून केलेलें तें काम आतां आड येईल काय?

हा प्रश्न वकिलाच्या कचेरींतला दिसतो, आणि एकेका मुलाच्या बाबतींत त्याचें अखेरचें उत्तर वकिलानेंच द्यावयाचें असतें. पण तो मुळांत उद्भवतो कां, हें इतिहासावांचून कळत नाहीं. आमच्याकडे वारावर जेवून, माधुकरी मागून, कोणाच्या घरीं पाणी भरून शिकलेल्या विद्यार्थ्याची थोरवी गाइली जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेनें तर ‘कमवा आणि शिका’ हें शिक्षणाचें सूत्रच केलें. अमेरिकेंतही स्वकष्टानें कॉलेजचा खर्च भागविणाऱ्या तरुणाचें कौतुक होत आलें आहे. असें असतां पाहुण्या विद्यार्थ्याचे तेच कष्ट तेथें दोषास कां पात्र व्हावेत? आमच्या मतें याचें उत्तर असें कीं, अमेरिकेनें परदेशी विद्यार्थ्यासाठीं जें दार ठेवलें, तें मजुराविरुद्ध उभारलेल्या भिंतींत ठेवलें. त्या दारानें आंत आलेला विद्यार्थी मजुरी करूं लागला, कीं कायद्याच्या दृष्टीनें तो भिंतीबाहेरचा ठरतो. ही गोष्ट कशी घडत गेली तें आपण क्रमानें पाहूं.

१८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. त्यांना व्हिसा लागला नाहीं; तशी पद्धतच तेव्हां नव्हती. पण त्यांच्या आगमनाच्या आदल्याच वर्षीं, १८८२ च्या मे महिन्यांत, अमेरिकेच्या कायदेमंडळानें चिनी मजुरांना दहा वर्षें प्रवेशबंदी करणारा कायदा केला होता. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत आणि पश्चिमेकडील लोहमार्गावर ज्यांनीं हाडांचीं काडें केलीं, त्या चिनी कामकऱ्यांविषयीं गोऱ्या कामकऱ्यांत द्वेष माजला होता. स्वस्त मजुरीमुळें आपली रोजी बुडते ही त्यांची तक्रार होती, आणि तिला वर्णद्वेषाची धार होती. तथापि चीनशीं व्यापार हवा होता, मिशनऱ्यांचें कार्यही चालावयास हवें होतें. म्हणून १८८० च्या तहांत शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि हौशी प्रवासी यांच्या जाण्या-येण्याची मोकळीक राखून ठेविली होती. या मंडळींना आपले घरगुती नोकरही बरोबर आणतां येत. भद्र लोकांनीं यावें, श्रमिकांनीं येऊं नये, असा हा हिशेब होता. आणि विद्यार्थी भद्र लोकांत मोडत असे.

पण विद्यार्थी म्हणजे कोण? बंदरावरील अधिकाऱ्यांना ही शंका लौकरच पडूं लागली. कारण मजूर विद्यार्थ्याचें सोंग घेऊन येतात असा त्यांचा समज होता. १९०० सालीं अमेरिकेच्या कोषखात्यानें याची जी व्याख्या ठरविली, ती मोठी बोलकी आहे. जो उच्च शिक्षण घेण्यासाठीं, अथवा स्वदेशीं ज्याची सोय नाहीं अशा धंद्याचें शिक्षण घेण्यासाठीं आला आहे, ज्याच्या उदरनिर्वाहाची तरतूद आधींच झालेली आहे, आणि शिक्षण संपतांच जो मायदेशीं परतणार आहे, तोच विद्यार्थी. या तीन अटींपैकीं मधली अट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. ज्याला पोटासाठीं राबावें लागतें तो विद्यार्थीच नव्हे, असा तिचा अर्थ होतो. सव्वाशें वर्षांनंतरही विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्या मुलाला बँकेंतील शिल्लक दाखवावी लागते, तिचें मूळ अशा विचारांत आहे.

आपल्या लोकांवर हा नियम प्रत्यक्ष येऊन आदळला तो १९१७ सालीं. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत, अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, कायदेमंडळानें आशियाचा फार मोठा भाग वर्जित ठरविला. हिंदुस्थान त्यांत आला. पुन्हां अपवाद तेच: धर्मोपदेशक, वैद्य, वकील, शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथकार, व्यापारी इत्यादि. पण या वेळीं एक पुस्ती जोडली गेली. अपवादांत बसणारा आपला दर्जा अथवा धंदा जो पुढें टिकविणार नाहीं, तो बेकायदा राहत आहे असें समजून त्याला देशाबाहेर घालवितां येईल. येतांना विद्यार्थी असणें आतां पुरेसें राहिलें नाहीं; रोज उठून विद्यार्थीच राहणें भाग पडलें. आजचे वकील ज्याला दर्जा टिकविणें म्हणतात, त्या कल्पनेची पाळेंमुळें येथें आहेत.

त्या काळच्या हिंदी विद्यार्थ्यांकडे पाहिलें म्हणजे या नियमाचा भार कोणावर पडत होता तें दिसून येतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती वृत्ति तुटपुंजी खरी, पण कोषखात्याच्या व्याख्येंतील तरतूद तीमुळें पुरी होत होती. अशी वृत्ति मिळालेले विद्यार्थी थोडे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर शेतकीचें शिक्षण घेत होते, आणि तेथें राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्यें मिसळून स्वातंत्र्याची संघटना बांधीत होते. विद्यार्थी आणि मजूर यांच्यामधील जी रेषा अमेरिकन कायदा इतक्या कटाक्षानें आंखीत होता, ती या तरुणांच्या मनांत तरी पुसून गेली होती.

जयप्रकाश नारायण यांचें उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १९२२ च्या ऑक्टोबरांत ते कॅलिफोर्नियांत उतरले. विद्यापीठाचें सत्र सुरू व्हावयाचें होतें आणि खिशांत पैसा नव्हता; म्हणून द्राक्षांच्या मळ्यांत काम करून त्यांनीं पुंजी जमविली. पुढील सात वर्षांत त्यांनीं भांडीं घासलीं, कारखान्यांत काम केलें, उपाहारगृहांत वाढप्याचें काम केलें, आणि बर्कले, आयोवा, विस्कॉन्सिन व ओहायो अशीं विद्यापीठें हिंडून एम. ए. ची पदवी घेऊन ते १९२९ सालीं परत आले. १९१७ च्या कायद्याची ती पुस्ती शब्दशः लावली असती, तर असल्या विद्यार्थ्याची काय वाट झाली असती? ती सहसा तशी लावली जात नसे. शेतमालकाला हात हवे होते, विद्यापीठाला विद्यार्थी हवे होते, आणि सरकारची नजर अजून तेवढी तीक्ष्ण झालेली नव्हती. कायदा कडक आणि व्यवहार सैल, अशी ती स्थिति होती.

नजर तीक्ष्ण करण्याचें काम १९२४ च्या कायद्यानें आरंभिलें. आदल्या वर्षीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी माणसास नागरिकत्वास अपात्र ठरविलें होतें. नव्या कायद्यानें अशा अपात्रांना वसाहतीसाठीं येण्याची बंदी केली. १९४६ सालीं वर्षाला १०० जणांची जागा मिळेपर्यंत हिंदी तरुणाला ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यांत विद्यार्थ्याची एक होती. मात्र तो पंधरा वर्षांहून लहान नसावा, आणि त्यानें केवळ अध्ययनासाठीं, सरकारमान्य संस्थेचें नांव आधीं सांगून यावें, असें ठरलें. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यास संस्थेनें तसें कळवावें, न कळविल्यास तिची मान्यता जावी, हीही अट त्यांत होती. गुरूनें शिष्यावर पहारा ठेवण्याची ही प्रथा तेव्हांपासूनची आहे. पुढें २००३ पासून विद्यार्थ्यांची जी सरकारी संगणक-नोंदवही सक्तीची झाली, ती या पहाऱ्याचीच वाढलेली आवृत्ति होय.

‘केवळ अध्ययनासाठीं’ या शब्दांचा खरा कस मंदीच्या दिवसांत लागला. १९३२ सालीं, अमेरिकेंत लक्षावधि लोक बेकार असतां, कामगारमंत्री विल्यम डोक यांच्या खात्यानें परदेशी विद्यार्थ्यांनीं मोलानें काम करून शिकण्यास मनाई करणारा हुकूम काढला. प्रवेशाचें खातें त्या काळीं कामगारमंत्र्याकडेच होतें, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे. विद्यापीठांच्या चालकांनीं या हुकुमाविरुद्ध आवाज उठविला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यांत तथ्य होतें. बेकार बापाला आपल्या मुलाची जागा पाहुण्यानें घेतलेली कशी आवडावी? आणि दूर देशाहून आलेल्या गरीब पण हुशार मुलानें अर्धवट शिक्षण टाकून परत कां जावें? हा झगडा त्या वेळीं मिटला नाहीं, आणि अजूनही मिटलेला नाहीं.

१९५२ चा कायदा हा आजच्या साऱ्या इमारतीचा पाया आहे. विद्यार्थ्याचा ‘एफ’ आणि तात्पुरत्या नोकरीचा ‘एच’ हे वर्ग त्यानेंच घातले. देशाबाहेर न जातां एका वर्गांतून दुसऱ्यांत जाण्याची, आणि पुढें कायमचा रहिवासी होण्याची, सोयही त्यांत होती. परंतु वर्ग बदलूं पाहणाऱ्यानें तोंवर आपला दर्जा टिकविलेला असला पाहिजे, ही अट आली. विद्यार्थ्याचें गुप्तपणें केलेलें काम आणि त्याची पुढची नोकरी यांची गांठ पडली ती या ठिकाणीं.

गांठ पुढें आवळत गेली. १९७६ सालीं कायद्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, १ जानेवारी १९७७ नंतर ज्यानें विनापरवाना नोकरी केली त्याला, नागरिकाचा निकटचा आप्त नसल्यास, देशांत राहून कायमच्या रहिवासाचा हक्क मिळूं नये. १९८६ सालीं प्रत्येक नोकराचे कागद तपासण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यांत आली. तोंवर दोष केवळ कामकऱ्याच्या माथीं होता. १९९० सालीं विशेष विद्येच्या नोकऱ्यांसाठीं ‘एच-१बी’ हा वर्ग वर्षाला ६५,००० च्या मर्यादेनें सिद्ध झाला, आणि पुणें-मुंबईच्या अभियंत्यांना ती वाट परिचयाची झाली. मग १९९७ सालीं गांठ थोडी सैल करण्यांत आली. नोकरीच्या आधारावर कायमचा रहिवास मागणाऱ्यानें शेवटच्या रीतसर प्रवेशानंतर केलेले नियमभंग एकंदर १८० दिवसांहून अधिक नसतील, तर ते आड येऊं नयेत असें ठरलें. तासभर काम केलें तरी तो दिवस पुरा धरतात, ही गोष्ट मात्र हिशेब करणाऱ्यानें विसरूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विद्यार्थ्याला सर्वच काम वर्ज्य आहे असें नाहीं. विद्यापीठाच्या आवारांत, सत्र चालूं असतां आठवड्यास २० तास काम करतां येतें. विषयाशीं निगडित असें बाहेरचें काम आधीं मंजुरी घेऊन करतां येतें. पदवीनंतर एक वर्ष कामाचा अनुभव घेण्याची परवानगी मिळते, आणि विज्ञान व अभियांत्रिकीच्या कांहीं शाखांना २०१६ च्या नियमानें आणखी २४ महिने मिळाले. या मर्यादेबाहेर केलेलें काम, मग तें एका रात्रीचें कां असेना, दर्जा मोडणारें ठरतें. इतर कारणांनीं मोडलेला दर्जा अर्ज करून पुन्हां जोडून घेतां येतो. पण विनापरवाना नोकरी ज्यानें केली त्याला ती सवलत नियमानेंच नाकारली आहे. वर्गांत नापास होण्यापेक्षां स्वयंपाकघरांत राबणें अधिक महागांत पडावें, हें पाहून १९०० सालच्या त्या व्याख्येची आठवण होते.

तरीही ‘एच-१बी’ चा अर्ज म्हणजे वस्तुतः दोन प्रश्न आहेत, आणि घराघरांत गोंधळ होतो तो ते एकच समजल्यामुळें. पहिला प्रश्न कंपनीचा आहे: ही नोकरी त्या योग्यतेची आहे काय, आणि या माणसाकडे ती विद्या आहे काय? मागें कधीं भांडीं विसळलीं याचा या प्रश्नाशीं संबंध नाहीं. दुसरा प्रश्न विद्यार्थ्याचा आहे: याला देशांत बसल्या बसल्या वर्ग बदलून द्यावा काय? येथें दर्जा टिकविला होता कीं नाहीं तें पाहतात. म्हणून असें घडूं शकतें कीं, नोकरी मंजूर होते आणि वर्गबदल नामंजूर होतो. मग विद्यार्थ्यानें बाहेर पडावें, स्वदेशांतील वकिलातींत व्हिसा मागावा, आणि पुन्हां प्रवेश करावा, हा मार्ग राहतो. विनापरवाना काम हें ज्या कारणांनीं प्रवेश कायमचा नाकारला जातो त्यांच्या यादींत स्वतः होऊन बसत नाहीं. एके काळीं या मार्गाचा खर्च म्हणजे विमानाचें भाडें आणि थोडी धाकधूक, एवढाच होता. परंतु १९ सप्टेंबर २०२५ रोजीं, एका वर्षाच्या मुदतीची म्हणून, जी घोषणा निघाली, तिनें देशाबाहेरील उमेदवारासाठीं केलेल्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरचा आकार बसविला. आणि वर्गबदलास अपात्र ठरलेला विद्यार्थीही त्याच पंक्तींत बसेल असा तिचा अर्थ सरकारनें लावला. कांहीं रात्रींच्या मजुरीची किंमत किती वाढूं शकते, याचें याहून ठळक उदाहरण सांपडणें कठीण.

याहूनही मोठा धोका कामांत नसून तें लपविण्यांत आहे. व्हिसाच्या अर्जांत पूर्वीं व्हिसाच्या अटी मोडल्या होत्या काय असें विचारलेलें असतें, आणि कायमच्या रहिवासाच्या अर्जांत विनापरवाना काम कधीं केलें काय असें स्पष्टच विचारतात. तेथें जाणूनबुजून खोटें लिहिलें आणि तें महत्त्वाच्या बाबींत ठरलें, तर प्रवेश आजन्म बंद होऊं शकतो. मग सूट मिळणें सरकारच्या मर्जीवर. नोकरी मिळविण्यासाठीं मालकाच्या कागदावर आपण अमेरिकन नागरिक आहों अशी खूण करणें तर १९९६ च्या कायद्यापासून जवळजवळ अक्षम्य झालें आहे. कष्टाची चूक भरून निघण्यास कायद्यानें कांहीं वाटा ठेविल्या आहेत; असत्याची चूक मात्र माणसाचा जन्मभर पाठलाग करिते. तेव्हां ‘कोणाला कळणार आहे?’ असा सल्ला देणारे शेजारी, मित्र आणि दलाल हे विद्यार्थ्याचे हितकर्ते नव्हेत.

परवानगीचा कागद हातीं असला म्हणजे झालें, असेंही समजूं नये. २०११ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील ट्राय-व्हॅली नांवाच्या विद्यापीठावर छापा पडला. तेथील विद्यार्थी बहुतेक भारतीय होते, आणि त्यांतील कांहींच्या पायांत पाळत ठेवणारीं यंत्रें अडकविण्यांत आलीं. २०१९ च्या जानेवारींत उघड झालें कीं, मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ हें तर सरकारी खात्यानेंच मांडलेलें सोंग होतें. शंभराहून अधिक भारतीय विद्यार्थी त्यांत धरले गेले. जेथें वर्ग भरत नाहींत आणि कामाची परवानगी मात्र पहिल्या दिवसापासून मिळते, तेथें कागद खरा असला तरी त्यामागचें अध्ययन खरें नसतें. दर्जा कागदानें मिळतो, पण टिकतो तो अध्ययनानें, ही १९१७ ची शिकवण त्या मुलांना फार कठोरपणें मिळाली.

हा सारा इतिहास पाहिल्यावर आम्हांस दोन गोष्टी प्रांजळपणें म्हणावयाच्या आहेत. कोणत्याही राष्ट्राला आपल्या कामकऱ्यांच्या रोजीचें रक्षण करण्याचा अधिकार आहे, आणि पाहुण्यानें यजमानाचे नियम पाळावे हेंही योग्यच आहे. परंतु या नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. श्रीमंताच्या मुलाला तो मोडण्याचा मोहच होत नाहीं. मोह होतो तो ज्याच्या बापानें जमीन गहाण टाकली त्याला. चिनी मजुराविरुद्ध ओढलेली जुनी रेषा आज गरीब विद्यार्थ्याला श्रीमंत विद्यार्थ्यापासून वेगळें करण्याचें काम करीत आहे, आणि हें ती करिते असें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्या घरांसंबंधीं. वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या कष्टांना साऱ्या गांवाची संमति होती. कोणत्या वारीं तो कोणाकडे जेवतो हें सर्वांना ठाऊक असे, आणि त्यांतच त्याची प्रतिष्ठा होती. परक्या देशांत ती संमति मागून, कागदावर घ्यावी लागते. तेथें पाठविलेल्या मुलाला ‘मागें हटूं नकोस’ असें आपण सांगतों. ‘पैसे संपले तर आधीं आम्हांला सांग’ हें सांगावयाचें मात्र राहून जातें. तें एक वाक्य वेळीं सांगितलें गेलें, तर पुष्कळ अंधाऱ्या रात्रींचीं भांडीं विसळावीं लागणार नाहींत, आणि जीं विसळलीं गेलीं असतील त्यांविषयीं अर्जांत खरें लिहिण्याचें धैर्यही मुलाच्या अंगीं येईल.